मागच्या ब्रेकची केबल

अंबादास, तुझी सायकल मी शेवटी खोलली. वहिनींनी सांगितलं म्हणून खोलली, नाहीतर माझी हिंमत नव्हती. तुझा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती सायकल अशी भिंतीला टेकलेली मला बघवत न्हाय. करमाळ्याची नात कॉलेजला जाती, तिला देऊन टाकू. तेवढं तारा-बिरा बदलून चालायजोगी करून द्या." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तुझ्या घरात गेल्या आठ वर्षांत मी कशालाच नाही म्हणालेलो नाही, चहाला तर नाहीच.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कारखान्यातले म्हणाले, माग कुठे बिघडलाय हे अंबादास नुसत्या आवाजावरून सांगायचा. खरंच आहे ते. शेजारचे म्हणाले, कधी कुणाशी आवाज चढवून बोलला नाही. तेही खरं. मला मात्र यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी एका हातभर केबलबद्दल बोलायचं आहे. तू होतास तेव्हा दीड वर्ष बोललो नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

आपण शाळेत एका बाकावर होतो एवढ्यावरून लोक आपल्याला बालमित्र म्हणतात. प्रत्यक्षात शाळा सुटल्यावर पंचेचाळीस वर्षं आपण रस्त्यात एकमेकांना नुसते हात करत होतो. तू यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर, मी कॉलेजच्या ऑफिसात. माझी बायको सुमन गेली, मुलगा पुण्याला चला म्हणून मागे लागला, आणि तेव्हा तू एके दिवशी दारात येऊन उभा राहिलास. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीस. "हेडक्लार्क, सायकल येती का बे अजून?" एवढंच विचारलंस. मी म्हणालो, विसरलो असेन. तू म्हणालास, "मग पडशील की. त्यात काय."

पुढच्या महिन्यात आपण दोघांनी गिअरच्या सायकली घेतल्या. दोघांच्याही घरची पोरं हसली. तेव्हापासून सकाळी हिप्परग्याचा तलाव आणि संध्याकाळी भवानी पेठेत तुझ्या घरचा चहा, असा माझा दिवस ठरून गेला. सुमनच्या माघारी मला ते एकच घर उरलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर चेष्टा केली असतीस.

आणि आपली ती अष्टमी. तुमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा. पान्हे, पक्कड, हातोडी, कानस, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी कशालाही कामाला लावायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी आपण अंगणात दोन्ही सायकली उलट्या करायचो आणि ब्रेकच्या, गिअरच्या, झाडून सगळ्या केबल काढून नव्या घालायचो. चांगल्या असल्या तरी बदलायच्या, हा तुझा हट्ट. "तुटल्यावर बदलायची तर पूजा कशाला करतो मग?" असं तुझं म्हणणं. नियम असा की तुझी सायकल मी करायची आणि माझी तू. त्यानंतर वर्षभर आपापल्या केबलला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर ज्यानं काम केलं त्यानंच येऊन बघायचं. एकाच्या मागाला दुसऱ्यानं न विचारता हात लावायचा नाही, ही कारखान्यातली शिस्त, तिथूनच तू हे आणलं असणार. मला आवडायचं ते. माझ्या हातच्या कामावर भरवसा ठेवून कुणीतरी उतारावरून निर्धास्त सुटतंय, असलं सुख मला ऑफिसात पस्तीस वर्षांत मिळालं नव्हतं.

शिकवलंस तूच. बाहेरचं कव्हर बोथट पक्कडीनं कापलं की त्याच्या आतली गुंडाळी चेपते आणि तोंड बंद होतं. मग ते दाभणानं उघडायचं, कानस फिरवायची आणि त्यानंतरच आतली तार ओवायची. तार ढकलायची नाही, बोटांत फिरवत न्यायची. तिचं टोक उसवलं की ती पुन्हा आत जायचं नाव घेत नाही, म्हणून तू टोकाला सुताचे चार वेढे देऊन वर डिंकाचा थेंब लावायचास. दुकानात त्यासाठी ॲल्युमिनियमची टोपी मिळते. मी ती लावायचो, आणि तू माझ्याकडे असा बघायचास की जणू मी बाजारची भाकरी आणून ताटात वाढली. गिअर तर तू कानानं लावायचास. एका हातानं पॅडल फिरवत, डोळे मिटून, केबलचा स्क्रू पाव पाव फेरा देत, साखळीची कुरकुर थांबेपर्यंत. मला ते कधी जमलं नाही.

तेलाचं आपलं भांडण अजून मिटायचंय. मी एका वर्षी तुझ्या केबलमध्ये खोबरेल सोडलं आणि डिसेंबरच्या थंडीत तुझा गिअर थिजून बसला. "केसाला लावायचं तेल बे ते," असं तू चार माणसांत सांगत सुटलास. माझं अजूनही म्हणणं आहे की त्या वर्षी थंडीच जास्त होती.

माझी खरी खोड तुला माहीत होती. मला टापटीप लागते. फायलीच्या दोऱ्या सारख्या लांबीच्या, टेबलावरचे कागद काटकोनात. हँडलपुढे केबलची भेंडोळी लोंबताना दिसली की मला चैन पडायचं नाही. तू दर वर्षी म्हणायचास, "ताणू नको तिला. वळायला जागा ठेव." मी हूं म्हणायचो आणि बोटभर आखूडच कापायचो. आपल्या शेवटच्या अष्टमीला तर चार बोटं आखूड कापलं. मागच्या ब्रेकच्या कव्हरचा, हँडलपासून मधल्या दांडीपर्यंतचा तुकडा. बसवल्यावर इतका सरळ आणि सुरेख दिसत होता की मी दोन पावलं मागे जाऊन बघितला.

तू नळावर हात धूत होतास. तिथूनच विचारलंस, "हँडल दोन्हीकडं फिरवून बघितलास काय बे?" उलटी ठेवलेली सायकल हँडलवरच उभी असते. फिरवून बघायचं तर ती उचलून सरळ करावी लागणार, आणि माझी कंबर भरून आली होती. मी म्हणालो, "बघितलं की."

बघितलं नव्हतं, अंबादास.

चार-आठ दिवसांनी तू म्हणालास, वळताना मागं जरा धरल्यासारखं वाटतंय. मी म्हणालो, नवीन आहे, बसेल. तू मान हलवलीस. तुझ्यासारख्या जॉबरला ते दहा मिनिटांचं काम होतं. पण नियम होता, आणि मी बघितलं म्हणालो होतो. बसेल म्हणालो तर बसेल, असं तू धरून चाललास. आपण हिप्परग्याला सरळ रस्त्यानं जायचो, सरळ रस्त्यानं यायचो, त्यामुळे आणखी काही दिवस निभावलं.

मग दिवाळीच्या आधीचा तो रविवार. तलावाच्या बांधावरून रस्त्याला उतरताना तू पुढे होतास, मी मागे. डावीकडून मेंढरं आडवी आली आणि तू हँडल एकदम उजवीकडे घातलंस. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, खडीवरून घसरलं, आणि तू कुशीवर आपटलास. मेंढरांमागचा माणूस काठी टाकून धावत आला. तुला उचलताना तो मला म्हणाला, "ब्रेक न्हाय दाबला वो ह्यांनी. मी बगत हुतो. चाक आपसूक आडकलं की." मी त्याच्यावरच खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्या वेळी मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही. तू ते ऐकलंस का, माझ्याकडे बघितलंस का, हे म्हणूनच मला माहीत नाही.

दवाखान्यात वहिनींनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणालास, "माझाच हात. मागचा ब्रेक जोरात दाबला." खुब्याचं हाड मोडलेलं, कपाळावर घाम, आणि हे बोललास. मला हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण हायसंच वाटलं.

ऑपरेशन झालं, वॉकर आला, सायकल भिंतीला लागली. आणि वहिनींचं बोलणं सुरू झालं. तुला आंघोळ घालताना, उठवताना, बसवताना, जेवण वाढताना. "सत्तरीला आलं माणूस, आन गिअरची सायकल पायजे. कुणाला दाखवायचं होतं?" "आमच्या म्हातारपणाची सोय केली की तुमी, लई चांगली." "उतारावर असा करकचून ब्रेक दाबतंय का कोण? लहान पोराला कळतं." त्या शेवटच्या वाक्याला तू हसायचास. ज्यानं मला ब्रेक शिकवला त्याला ब्रेक दाबता येत नाही म्हणून बोलणी बसत होती, आणि तू ओठांच्या कोपऱ्यात हसत होतास. मी समोरच्या खुर्चीत चहा पीत असायचो.

एकदा त्या आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, "वहिनी फार बोलतात रे तुला." तू म्हणालास, "बोलू दे की. भ्याली हाय ती. बोलली न्हाय तर रडत बसंल." तेव्हा मला सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण वहिनींना कळलं तर हे दार मला बंद होईल, संध्याकाळी पाच वाजता मी कुठे जायचं, हा विचार पहिला आला. तुझा खुबा, तुझी बोलणी, सगळं त्याच्या मागून. असा मित्र होतो मी तुझा. दीड वर्ष रोज पाच वाजता हा विचार येत राहिला आणि मी चहा पीत राहिलो. मग तुझी छाती भरली, आणि पाचव्या दिवशी तू गेलास.

तर गेल्या सोमवारी दुपारी तुझी सायकल मी अंगणात घेतली आणि एकेक केबल सोडवायला लागलो. पुढचा ब्रेक माझ्या हातचा. गिअरच्या दोन्ही माझ्या हातच्या, टोकांना टोप्या. मग मागच्या ब्रेकला आलो. हँडलपासून दांडीपर्यंतचं कव्हर माझं नव्हतं. रंग काळाच, पण चार बोटं लांब, ऐसपैस वळण घेतलेलं. तोंडावरून नीट कानस फिरवलेली. तारेच्या टोकाला सुताचे चार वेढे, वर डिंकाचा थेंब, वाळून पिवळा पडलेला. मी पायरीवर बसलो.

गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार आठवली. वहिनी लग्नाला गेल्या होत्या आणि तू मला कसलंसं मलम आणायला पाठवलंस. तीन दुकानं फिरलो, कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. आता वाटतं, त्या नावाचं मलम जगातच नसावं. परत आलो तर तू खुर्चीत घामाघूम, वॉकर लांब भिंतीपाशी, बोटं काळी. "सायकल पुसत होतो," म्हणालास. मी चिडलो तुझ्यावर, उन्हात हिंडवलंस म्हणून. एका पायावर भार देऊन, सायकलचाच आधार घेऊन तू ती केबल बदलली होतीस. आपला नियम तू तेवढा एकदाच मोडलास. तू स्वतः तर पुन्हा त्या सायकलवर बसणार नव्हतास. पुढे बसेल तो पडू नये म्हणून केलंस, की माझी चूक कधी कुणाला दिसू नये म्हणून? दोन्ही असेल. टोकाला टोपी घातली असतीस तर मलाही कळलं नसतं. पण इतक्या वर्षांची सवय, सूतच गुंडाळलं गेलं.

तरीही माझं मन शेवटची पळवाट शोधत होतं. म्हणून तुझं कव्हर बाजूला ठेवलं, माझ्या जुन्या पद्धतीनं माप घेतलं आणि नवा तुकडा कापला, तस्साच ताणून. तार ओवली, घट्ट केली, सायकल सरळ उभी करून मागचं चाक उचलून फिरवलं. छान फिरत होतं. मग हँडल उजवीकडे वळवलं. ब्रेकच्या गुटक्यांनी चाक धरलं आणि ते थांबलं. सरळ केलं, सुटलं. पुन्हा वळवलं, पुन्हा थांबलं. ज्या दिवशी करायचं होतं त्या दिवशी एवढंच करायचं होतं.

तो तुकडा मी तोडून टाकला. तुझं कव्हर परत बसवलं, नातीसाठी आत नवी तार ओवली, हँडल दोन्हीकडे कितीदा तरी फिरवून बघितलं. आता हात धुऊन गुपचूप घरी गेलो असतो तरी चाललं असतं, कोण विचारणार होतं? पण तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. शेजारणीला सांगत होत्या, "माझं ऐकलं असतं तर आज असते की. हट्टी माणूस. स्वताच्या हातानं केलं सगळं." म्हणजे तू गेल्यावरही बोलणी तुलाच बसत होती, आणि आता तर तुला हसताही येत नव्हतं. ते मात्र मला सहन झालं नाही.

शेजारीण गेल्यावर आत गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. "वहिनी, त्यानं ब्रेक दाबला नव्हता. केबल मी आखूड कापली होती. वळवलं की चाक अडकत होतं. त्यानं मला विचारलं होतं, बघितलास का म्हणून. मी न बघता बघितलं म्हणालो. तो पडला तो माझ्यामुळे."

त्या निवडत राहिल्या. एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

"कशावरनं?"

मी केबलचं सांगितलं, सुताच्या वेढ्यांचं सांगितलं, मलमाचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "शेवटच्या दिवशी पण बोलले मी त्यांना," त्या म्हणाल्या. "नाकात नळी होती. तरी बोलले. सायकलवरनंच." मग माझ्याकडे बघितलं. "आन तुमी हितं बसून चहा पीत होता, भाऊजी. दीड वर्स."

"होय," मी म्हणालो.

मला वाटलं, आता त्या दार दाखवतील. मी तयारीनंच आलो होतो. पण त्या बोलायला लागल्या. आधी मराठीत, मग मराठी पुरेना तेव्हा तुमच्या घरच्या तेलुगूत. निम्मं मला कळलं नाही, रोख सगळा कळला. मध्येच रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाल्या. पेठेत दिवे लागले, शेजारीण दारातून डोकावून गेली, त्या थांबल्या नाहीत. घसा बसला तेव्हा गप्प झाल्या. मी उठून चपला घातल्या.

"उद्या या," त्या म्हणाल्या. मी वळून बघितलं. "माझं अजून बोलून झालं न्हाय."

आज पाचवा दिवस. रोज पाच वाजता जातो. चहा मिळत नाही. माझ्या वाटणीचं जे तू दीड वर्ष ऐकून घेतलंस, ते आता मी ऐकतो. तू हसायचास, तेवढं मला जमत नाही.